मोटारीतील नवे दिवे आणि त्यांचे दोन लगाम



दिवेलागणीनंतर जालना–अंबड रस्त्यापासून थोडे दूर, सुरक्षित जागी उभे राहा आणि येणाऱ्याजाणाऱ्या वाहनांचे दिवे नीट न्याहाळा. एखाद्या जुन्या जीपचे दिवे पिवळसर दिसतील, तर नव्या मोटारीचे दुधासारखे पांढरे. कोणाच्या बंपरखाली निळी पट्टी चमकत असेल, कोणाच्या टपावर प्रखर दिव्यांची लांबलचक रांग असेल. हंगाम गळिताचा असला, तर एवढ्यात उसाने शीगोशीग भरलेली ट्रॉली जाईल आणि कित्येकदा तिच्या पाठीमागे एकही दिवा नसेल! एकाच रस्त्यावर कोठे प्रकाशाचा सुकाळ, तर कोठे दुष्काळ.

घरच्या गाडीला असे रंगीत दिवे बसवावेत असे तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल. त्यात वावगे काहीच नाही. हे दिवे म्हणजे एल. ई. डी., अर्थात प्रकाश देणारे डायोड. त्यांची चिकटपट्टी बाजारात मीटरवर विकत मिळते. पण गाडीला दिवा जोडायचा, तर त्याला दोन लगाम घालावे लागतात. एक लगाम विजेच्या प्रवाहाला आणि दुसरा प्रकाशाला. पहिला सुटला तर गाडीचे नुकसान होते. दुसरा सुटला तर समोरून येणाऱ्या, आपल्याला अनोळखी अशा माणसाच्या जिवावर बेतते. हे दोन्ही लगाम कसे घालायचे ते आता पाहू.

तापलेला प्रकाश आणि थंड प्रकाश

जालना शहर लोखंडी सळयांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारखान्यांत पोलादाचे ठोकळे १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि मग रुळांमधून दाबून त्यांच्या सळया काढतात. त्या तापमानाला पोलाद नारिंगी-पिवळे दिसते. पदार्थ पुरेसा तापला की तो उजळतो, हे तुम्ही लोहाराच्या भात्याजवळही पाहिले असेल. जुन्या पद्धतीच्या बल्बचे तत्त्व हेच. त्यातील टंगस्टनची बारीक तार विजेने सुमारे २,५०० ते ३,००० अंशांपर्यंत तापते आणि प्रकाश देते. पण हा व्यवहार मोठा तोट्याचा. खर्च झालेल्या विजेच्या १०० भागांपैकी ९० हून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातात. प्रकाश मिळतो तो उरलेल्या थोड्या भागाचा.

एल. ई. डी.मध्ये तार नसते. तेथे असतो अर्धवाहकाचा, मिठाच्या खड्याएवढा स्फटिक. त्याचे दोन थर असतात. एका थरात इलेक्ट्रॉन जास्त, तर दुसऱ्या थरात इलेक्ट्रॉनांसाठी रिकाम्या जागा जास्त. वीज योग्य दिशेने जोडली की इलेक्ट्रॉन दोन थरांच्या सांध्यापाशी येतात आणि रिकाम्या जागांत पडतात. अंबडच्या जुन्या बारवेच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आणा. वरच्या पायरीवरून चेंडू खालच्या पायरीवर पडला की त्याच्याजवळची काही ऊर्जा मोकळी होते. तसाच इलेक्ट्रॉन ऊर्जेची एक पायरी उतरतो आणि ती ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर पडते. पायरी लहान असेल तर प्रकाश लाल, मोठी असेल तर निळा. म्हणूनच लाल एल. ई. डी. पेटवायला सुमारे २ व्होल्ट पुरतात, तर निळ्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात.

अमेरिकेतील निक होलोन्याक यांनी १९६२ साली डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एल. ई. डी. तयार केला. निळा मात्र फार हट्टी निघाला. तेजस्वी निळा एल. ई. डी. हाती येण्यास १९९० नंतरची वर्षे उजाडली. त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्याचे एवढे महत्त्व का? निळ्या एल. ई. डी.वर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप दिला, की निळा आणि पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरा प्रकाश दिसतो. आज मोटारीत दिसणारा पांढरा एल. ई. डी. हा असा, मुळात निळा आहे. त्या निळ्याशिवाय पुढचा दिवा एल. ई. डी.चा होऊच शकला नसता.

बारा व्होल्ट म्हणजे बाराच नव्हे

आता पहिला लगाम. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते असे आपण म्हणतो. पण इंजिन चालू असताना डायनॅमो बॅटरी भरत असतो आणि तेव्हा हा दाब १४ व्होल्टच्या वर, साधारण १४.४ पर्यंत जातो. तापलेल्या तारेच्या बल्बला याचे फारसे काही वाटत नाही. एल. ई. डी.चा स्वभाव मात्र निराळा. तो शेताच्या बांधासारखा आहे. पाणी बांधाच्या काठाखाली असेपर्यंत पलीकडे थेंबही जात नाही. काठावरून बोटभर वर चढले की लोंढा सुरू होतो. तसेच एल. ई. डी.वरचा दाब किंचित वाढला की प्रवाह एकदम वाढतो आणि स्फटिक तापून निकामी होतो.

म्हणून त्याच्या वाटेत एक रोध, म्हणजे रेझिस्टर, घालावा लागतो. तो किती ओहमचा? गणित शाळेतलेच आहे. समजा, ३ व्होल्टचे तीन पांढरे एल. ई. डी. एकापुढे एक जोडले. तिघांना मिळून ९ व्होल्ट लागले. प्रत्येकातून २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर प्रवाह जावा असे आपल्याला वाटते. कोणी म्हणेल, १२ मधून ९ गेले, उरले ३. ३ भागिले ०.०२ म्हणजे १५० ओहम. उत्तर बरोबर, पण गाडी उभी असतानाच! इंजिन चालू झाले की दाब १४.४ होतो. मग उरतात ५.४ व्होल्ट आणि १५० ओहममधून ३६ मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो. तो ठरवल्याच्या जवळजवळ दुप्पट झाला. आता उलट करू. हिशेब १४.४ व्होल्ट धरून केला, तर ५.४ भागिले ०.०२ म्हणजे २७० ओहम. इंजिन बंद असताना या रोधातून सुमारे ११ मिलिअँपिअर जातील. दिवे थोडे मंद पडतील, पण जळणार नाहीत. बाजारातील १२ व्होल्टची पट्टी नीट पाहा. दर तीन दिव्यांमागे चिमुकला रोध बसवलेला असतो आणि तेथेच कात्रीने कापायची खूण असते. ती खूण तेथे का, हे आता तुम्ही सांगू शकाल.

प्रवाहाच्या लगामाचा दुसरा पदर म्हणजे फ्यूज. इंजिन सुरू करताना स्टार्टरला शेकडो अँपिअर प्रवाह लागतो आणि बॅटरी तो देऊ शकते. गाडीचा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. आपण ओढलेल्या वायरचे आवरण घासून निघाले आणि उघडी तार पत्र्याला टेकली, तर तीच बॅटरी तोच प्रचंड प्रवाह त्या बारीक वायरमधून पाठवील. मग वायर कारखान्यातील ठोकळ्यासारखी लाल व्हायला वेळ लागणार नाही, आणि भोवती तर सीटचा फोम, कापड आणि प्लॅस्टिक! पट्टीला लागतो केवळ अर्धा-एक अँपिअर. तेवढ्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरे. तो जेथून वीज घेतली त्या टोकाजवळच हवा, दिव्याजवळ नव्हे. कारण फ्यूज दिव्याचे नव्हे, वायरचे रक्षण करतो. फ्यूजच्या अलीकडची वायर बिनराखणीची राहते.

आतले दिवे

गाडीच्या आत पायांपाशी, कप्प्यांत, दाराच्या कडेला एल. ई. डी. पट्टी शोभून दिसते. सांडलेले नाणे शोधायलाही तिचा उपयोग होतो. मात्र गाडी चालवताना ती अगदी मंद हवी. याचे कारण डोळ्यांत आहे. अंधारात पाहण्यासाठी डोळ्याच्या पडद्यावर दंडपेशी असतात. अंधाराला पूर्ण सरावण्यास त्यांना २० ते ३० मिनिटे लागतात आणि प्रखर निळ्या-पांढऱ्या प्रकाशाने ती सारी तयारी क्षणात वाया जाते. गडद लाल प्रकाश मात्र त्यांना जवळजवळ जाणवत नाही. शिवाय आत उजेड आणि बाहेर काळोख असला की समोरची काच आरशासारखी वागते. रात्री दिवा लावून घराच्या खिडकीत पाहा, बाहेरचे अंगण दिसण्याऐवजी तुमचाच चेहरा दिसेल. चालकाला रस्त्याऐवजी स्वतःची रंगीत पट्टी काचेत दिसू लागली, तर शोभा महागात पडेल.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचीही आठवण ठेवा. वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचा अंतर्भाग बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. साध्या पट्टीचा गोंद तेव्हा सुटतो आणि पट्टी लोंबकळते. ती पेडलपाशी लोंबकळली तर धोकाच. म्हणून ती क्लिपने पक्की बसवावी. एअरबॅगच्या वायरींना आणि झाकणांना मात्र हात लावू नये. वीज घ्यायची ती चावी काढल्यावर बंद होणाऱ्या फ्यूजवरून. एक अँपिअर घेणारी पट्टी रात्रभर, १० तास, चालू राहिली तर १० अँपिअर-तास खर्च होतात. लहान मोटारीच्या बॅटरीत सुमारे ३५ अँपिअर-तासांचा साठा असतो, हे ध्यानात घेतले की सकाळी गाडी का कुरकुरते ते कळेल.

बाहेरचे दिवे : प्रकाशाला लगाम

बाहेरच्या दिव्यांची कामे दोन. काही दिवे आपल्याला दिसावे म्हणून असतात, तर काही दिवे आपण इतरांना दिसावे म्हणून. मागचा लाल दिवा दुसऱ्या प्रकारचा. तो एक संदेश देतो आणि संदेश रंगातून कळतो. लाल म्हणजे ‘ही गाडीची पाठ’, पांढरा म्हणजे ‘हे तोंड’, नारिंगी लुकलुकणारा म्हणजे ‘मी वळतो आहे’. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनाला पुढच्या बाजूस लाल दिवा लावता येत नाही. मागच्या बाजूस लालखेरीज दुसरा चालत नाही. मागे येतानाचा दिवा, नंबरप्लेटचा दिवा आणि इंडिकेटर यांना तेवढी सूट आहे. अंधारात समोर लाल दिसले, तर तुम्ही ती गाडी पुढे चालली आहे असे समजाल, आणि ती तर तुमच्याच दिशेने येत असेल! कंपनीने गाडी जशी दिली त्याहून तिचा तपशील वेगळा ठरेल असा बदल मालकाने परस्पर करू नये, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही सांगते.

संदेश देण्याच्या कामात एल. ई. डी. सरस ठरतो. ब्रेक दाबल्यावर तारेचा बल्ब तापून उजळायला सुमारे एक पंचमांश सेकंद घेतो, एल. ई. डी. तत्काळ उजळतो. एवढ्याशा वेळाने काय बिघडते? जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. म्हणजे सेकंदाला ३३ मीटरांहून अधिक. एक पंचमांश सेकंदात मागची गाडी साडेसहा मीटरांहून अधिक पुढे येते. एका मोटारीच्या लांबीहून हे अंतर जास्त आहे.

इंडिकेटरची मात्र एक गंमत आहे. जुना २१ वॉटचा बल्ब काढून तेथे एल. ई. डी. लावला, की अनेक गाड्यांत तो भराभर लुकलुकू लागतो. त्याची ठरलेली चाल मिनिटाला ६० ते १२० वेळा अशी असते. जुन्या बल्बमधून पावणेदोन अँपिअर प्रवाह जात असे, आता त्याच्या लहानशा भागाएवढाच जातो. गाडीला वाटते की बल्ब गेला, आणि ती घाईच्या लुकलुकीने चालकाला तसे कळवते. बिघाड काहीच नसतो. एल. ई. डी.ला जुळणारा फ्लॅशर बसवला की चाल पूर्ववत होते.

आता पुढच्या दिव्याकडे वळू. जुन्या हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात. जवळच्या प्रकाशाच्या, म्हणजे डिपरच्या तारेखाली पत्र्याची चिमुकली वाटी असते. तिच्यामुळे दिव्याच्या आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावरच प्रकाश पडतो आणि तेथून परावर्तित होऊन तो खाली, रस्त्याकडे वळतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून डाव्या कडेला प्रकाश थोडा लांब जाईल आणि उजवीकडे, समोरच्या माणसाच्या बाजूला, तो बुटका राहील अशी योजना असते. ही सारी किमया तार नेमकी ठरलेल्या जागी असण्यावर अवलंबून आहे. बाजारातील कोणताही एल. ई. डी. बल्ब त्या खोबणीत घुसवला आणि त्याचे स्फटिक तारेच्या जागेपासून एकदोन मिलिमीटर जरी सरकलेले असले, तरी प्रकाश वाट सोडतो आणि सरळ समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. आपल्याला वाटते, उजेड किती वाढला! प्रत्यक्षात तो नको तेथे वाढलेला असतो. ज्या मोटारीत कंपनीनेच एल. ई. डी. दिवे दिले आहेत, त्यांची भिंगे, आरसे आणि उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या पंख्या त्या एल. ई. डी.साठीच आखलेल्या असतात. टपावरच्या प्रखर पट्टीला तर असा कोणताच आवर नसतो. ती चारचौघांच्या रस्त्यावर लावण्याची वस्तू नव्हे.

डोळे दिपल्यावर सावरायला काही सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटरने येणारा मोटारसायकलवाला तीन सेकंदांत ५० मीटर जातो, जणू डोळे मिटूनच. आणि नेमकी त्याच ५० मीटरांत ती बिनदिव्याची उसाची ट्रॉली असली तर? याच वेगाला चालकाने अडथळा ओळखून ब्रेक दाबायला दीड सेकंद धरला, तर त्यात २५ मीटर जातात. गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही आणखी २० ते २५ मीटर लागतात. याचाच अर्थ, ट्रॉली निदान ५० मीटरांवरून दिसायलाच हवी. समोरच्याचा बेलगाम दिवा आणि ट्रॉलीची अंधारी पाठ, दोन्ही मिळून अपघात घडवतात.

मग एल. ई. डी.ची खरी गरज कोठे आहे? टपावर की ट्रॉलीच्या पाठीवर? ट्रॉलीचा साधा बल्ब फार टिकत नाही, कारण शेतरस्त्याच्या धक्क्यांनी त्याची तार तुटते. एल. ई. डी.ला तुटायला तारच नाही. तो वॉटभर विजेवर चालतो, ट्रॅक्टरच्या बॅटरीला त्याचा भार जाणवतही नाही. पाणी आत न जाणारे दोन लाल एल. ई. डी. दिवे, नीट बांधलेली वायर, एक फ्यूज आणि सोबत लाल परावर्तक पट्टी एवढे पुरते. परावर्तक पट्टीला तर वीजही लागत नाही. येणाऱ्याचाच प्रकाश ती त्याच्याकडे परत पाठवते. मात्र धूळ पुसायला आणि लोंबणारे ऊस तिच्यावर येऊ न द्यायला माणूसच हवा.

करून पाहा

पहिला प्रयोग प्रवाहाच्या लगामाचा. एक लाल एल. ई. डी., ९ व्होल्टचा चौकोनी सेल आणि ४७० ओहमचा रोध घ्या. एल. ई. डी.चा लांब पाय रोधातून धन टोकाला आणि आखूड पाय ऋण टोकाला जोडा. दिवा लागेल. पाय उलटे जोडून पाहा, लागणार नाही. ९ मधून २ वजा करून ४७० ने भागा आणि प्रवाह किती ते काढा. उत्तर १५ मिलिअँपिअरच्या जवळ यायला हवे. रोध काढून मात्र जोडू नका.

दुसरा प्रयोग प्रकाशाच्या लगामाचा. तो वडीलधाऱ्यांच्या सोबतीने, अंगणात किंवा मोकळ्या सपाट मैदानात, गाडी उभी असतानाच करायचा. नियम असे सांगतो की दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कोणाचा डोळा असेल, तर तो दिपता कामा नये. टेपने मोजून त्या जागी काठीला पांढरा पुठ्ठा बांधा. स्वतः दिव्याकडे रोखून पाहू नका, बाजूला उभे राहून पुठ्ठाच पाहा. डिपर लावल्यावर प्रखर उजेड जमिनीवर आणि पुठ्ठ्याच्या खालीच राहिला, तर दिव्याला लगाम आहे. पुठ्ठा लख्ख उजळला, तर दिवा जुळवून घ्यायला हवा किंवा बदललेला बल्ब काढून जुनाच परत बसवायला हवा.

घरी मोटार नसेल तर मोटारसायकलवर हा प्रयोग करा. ट्रॅक्टर असेल तर फारच उत्तम. आणि पुठ्ठा बांधलेला असतानाच ट्रॉलीच्या मागे जाऊन एकदा बॅटरीचा झोत टाका. तिची पाठ लाल चमकते की नाही, हे पाहायला विसरू नका.